म्हणजेताई आणि दाबाखालचा हात

बाइंडरकाकूंनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, मेंदूच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर काकू नवऱ्याची फाईल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. समोरच्या बाकावर एक ठेंगणीशी बाई एका ट्रकड्रायव्हरला विचारत होती, "घाटात इंजिन तापलं की तुम्ही काय करता?"

"कडेला घेतो. थांबतो," ड्रायव्हर म्हणाला. "आणि रेडिएटरचं झाकण लगेच उघडत नाही. वाफ तोंडावर येते."

"किती वेळ थांबता?"

"गार होईपर्यंत. त्यात काय घड्याळ बघायचं?"

काकूंना वाटलं, बाई जुना ट्रक विकत घ्यायच्या विचारात दिसतात.

मग ड्रायव्हरचा नंबर पुकारला गेला आणि त्याच्यामागून ती बाईही आत गेली. दार अर्धवट उघडं होतं. आतून डॉक्टरांचं भरभर इंग्रजी ऐकू आलं आणि पाठोपाठ त्या बाईंचा आवाज, "डॉक्टर म्हणतात, तुमचा रक्तदाब छप्पर फोडून वर गेलाय. म्हणजे, घाटात इंजिन तापलंय आणि तुम्ही अजून गाडी हाकताय."

"हां," ड्रायव्हर म्हणाला. त्या एका 'हां'मध्ये काकूंना कळलं की माणसाला समजलं आहे.

डॉक्टर दूरच्या देशातून आलेले. हुशार, मनाचे मोकळे, पण इंग्रजीखेरीज दुसरी भाषा नाही. म्हणून हॉस्पिटलने ही दुभाषी नेमली होती. दर दुसऱ्या वाक्याला 'म्हणजे' म्हणायची त्यांना सवय, म्हणून वॉर्डातल्या आयांनी त्यांचं नाव म्हणजेताई पाडलं, आणि ते इतकं रुळलं की औषधांच्या खिडकीवरून हाक आली तरी त्याच नावाने यायची.

काकूंनी एक गोष्ट त्या पहिल्याच दिवशी टिपली. खोलीत दोनच खुर्च्या होत्या, एक डॉक्टरांची आणि एक पेशंटची. म्हणजेताई पेशंटच्या खुर्चीच्या अर्धं पाऊल मागे, जरा डावीकडे उभ्या राहायच्या. तासन् तास. काकूंच्या मनात आलं, एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात या बाईला बूड टेकायला एक स्टूल मिळू नये?

काकांचा नंबर यायला वेळ होता. तेवढ्यात म्हणजेताई येऊन त्यांच्याजवळ बसल्या आणि पहिलाच प्रश्न, "काका, तुम्ही काम काय करता?"

काकांनी उत्तर दिलं नाही. मेंदूच्या झटक्याने त्यांची जीभ जड झाली होती, आणि जीभ हलकी असतानाही ते मोजकंच बोलणारे. काकूंनीच सांगितलं. पुस्तकं बांधायचं दुकान. शाळांची हजेरीपुस्तकं, वकिलांचे निकालांचे जाड खंड, वाचनालयातली खिळखिळी झालेली पुस्तकं. सोळा पानांच्या घड्या काकू घालायच्या आणि शिवायच्या. खळ लावणं, पाठ गोल करणं, कडा कापणं, पुठ्ठा चढवणं हे सगळं काकांचं. एका सकाळी खळीचा ब्रश हातातून गळून पडला. काकांनी तो उचलायला हात खाली नेला आणि बोटं मिटलीच नाहीत.

"उजवा?" म्हणजेताईंनी विचारलं.

"उजवा," काकू म्हणाल्या. "तो हात म्हणजेच आमचं दुकान. ब्रश पडला त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागलाय बघा."

"कुठे टांगलाय?"

काकू बघतच राहिल्या. म्हणजेताई हसल्या. "रागावू नका, काकू. मला सवय आहे. आपण सगळेच असं बोलतो. जीव टांगतो, डोकं तापवतो, पोटात खड्डा पाडतो. रोजचं असतं म्हणून दिसत नाही इतकंच. आत डॉक्टरही असेच बोलतील, फक्त त्यांची चित्रं वेगळी असतील. तेव्हा घाबरायचं नाही."

आत गेल्यावर डॉक्टर काकांचा हात उलटसुलट करून बघत बरंच बोलले. म्हणजेताईंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, ही चढावरची लढाई आहे. आपण सगळे मिळून लढू. आत्ता एक खिडकी उघडी आहे, ती मिटायच्या आत खूप काही करता येईल."

काकूंनी नकळत भिंतीतल्या खिडकीकडे पाहिलं.

"ती नव्हे, काकू. म्हणजे, पहिल्या काही महिन्यांत मेंदू लवकर शिकतो. त्यानंतरही शिकतो, पण कुरकुरत."

काकांचा चेहरा मात्र लढाई या शब्दालाच उतरला होता. ते अडखळत म्हणाले, "मी... उभ्या जन्मात... कुणाशी भांडलो नाही. आता... कुणाशी लढू?"

म्हणजेताईंनी हे वाक्य जसंच्या तसं डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं. त्या खोलीत जे काही बोललं जाईल ते दोन्ही भाषांत बोललं जाईल, हा त्यांचा नियम. मग म्हणजेताई काकांकडे वळल्या. "डॉक्टरांचं चित्र मी सांगितलं. आता माझं सांगते. काका, पुस्तकाची शिवण एका जागी उसवली आहे. पानं सगळी शाबूत आहेत. एकही हरवलेलं नाही. पुन्हा बांधता येईल."

काकांनी मान वर केली. पंधरवड्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून प्रश्न विचारला, "शिवण... वर उसवली, की खाली?"

काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हणजेताईंनी आपलं पुस्तकाचं चित्र डॉक्टरांनाही इंग्रजीत समजावलं. तोही त्यांचा नियमच होता. स्वतःच्या पदरचं काही घातलं, तर ते डॉक्टरांना दाखवून घ्यायचं. डॉक्टर खूश झाले, मान हलवली, आणि म्हणाले, मात्र हातावर जबरदस्ती नको. शेवटी व्यायामाचा एक कागद दिला. त्यावर बोटांची चित्रं होती. म्हणजेताईंनी एकेक चित्र समजावून सांगितलं.

खाली चहाच्या टपरीवर काकूंना त्या पुन्हा भेटल्या. काका बाकावर डोळे मिटून बसले होते.

"मला एक सांगा, ताई," काकू म्हणाल्या, "ही इंग्रजी बोलणारी माणसं सरळ का बोलत नाहीत? हात दुखतोय तर म्हणावं, हात दुखतोय. लढाई काय, खिडकी काय."

"आधी मीही हेच म्हणायचे." म्हणजेताईंनी चहात फुंकर घातली. "हॉस्पिटलच्या आधी मी विमानतळावर होते. हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर. तिथे माणूस येतो तो चिडूनच. मी शाळेत इंग्रजी शिकलेली, पहिल्या नंबराने पास. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ म्हणाला, मी माझ्या दोराच्या शेवटाला आलोय. मी मनात म्हटलं, दोर? सामानात दोर होता का? फॉर्मवर लिहायलाही घेतलं."

काकूंना हसू आवरेना.

"मग हळूहळू कळलं. त्याचं चित्र असं की माणूस दोराला धरून लोंबकळतोय आणि धरायला दोर उरला नाही. आपण म्हणतो ना, नाकी नऊ आले, तेच. पण त्याने दोर धरलाय आणि आपल्या नाकात आलेत नऊ. दोघांचेही हाल सारखे, चित्रं निराळी. तिथे बसून मी एक शिकले. माणूस घाबरला किंवा चिडला की चित्रांतच बोलतो. आणि त्याला उलट चित्रातलंच काही सांगितलं, तर ते घरापर्यंत टिकतं. नुसती माहिती असेल तर जिन्यातच सांडते."

"आणि इथे यांची लढाई?"

"इंग्रजीत आजार आला की लढाई येतेच. कुणी ठरवून करत नाही. सवय आहे. कुणाला त्याने बळ येतं. पण हरलो तर माझीच चूक, असंही कुणाला वाटतं. म्हणून मी आधी विचारते, काम काय करता. ज्याचं जे काम, त्याच्यात तो घाबरत नाही."

"तुमचे यजमान काय करतात?"

"नळकाम. आमच्या घरी सगळं पाइपातूनच समजावावं लागतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून भांडण झालं की ते म्हणतात, कुठेतरी कचरा अडकलाय, बघू."

काकू घरी आल्या त्या हलक्या मनाने. आणि घरी आल्यावर त्या दोघांनी जे केलं ते त्यांच्या जागी दुसऱ्या कुणीच केलं नसतं.

शिवण घातली, खळ लावली, की पुस्तक दाबाखाली जातं. दोन फळ्यांच्या मध्ये ठेवायचं, वरून स्क्रू पिळायचा आणि विसरून जायचं. उघडून बघायचं नाही. ओली पाठ कुणी उघडली तर जन्माची वाकडी होते. हे काकांच्या वडलांनी काकांना शिकवलेलं, आणि काकांनी काकूंना. दुकानात हा नियम मोडल्याबद्दल काकांनी एकदा एका मोठ्या वकिलाला दुकानाबाहेर काढलं होतं. त्यांच्या आवाज चढवण्याची तेवढीच एक नोंद काकूंच्या डोक्यात होती.

तेव्हा काकूंनी खिडकीशी टेबल सरकवलं. काकांचा उजवा हात त्यावर पालथा ठेवला, खाली मऊ टॉवेल, वर दुसरा टॉवेल, त्यावर एक पातळ फळी आणि फळीवर दोन जाड हजेरीपुस्तकं. काकांनी डाव्या हाताने फळी एक बोटभर अलीकडे ओढून सारखी केली.

"जड होतंय का?" काकूंनी विचारलं.

"बरोबर... आहे."

व्यायामाचा कागद काकूंनी नीट घडी घालून जपून ठेवला. आधी दाब, मग व्यायाम. यात दोघांना शंका घेण्यासारखं काही दिसलंच नाही. डॉक्टर स्वतः म्हणाले होते ना, जबरदस्ती नको. जेवायला आणि झोपायला तेवढा हात बाहेर निघायचा. शेजारची सून डोकावली आणि म्हणाली, "काकू, हे काय नवीन?" तर काकूंनी तिला ठणकावून सांगितलं, "बांधणी चालली आहे. हात लावू नकोस."

ठरलेल्या दिवशी दोघं परत हॉस्पिटलात गेली. काकू जरा ऐटीतच गेल्या. इतक्या काटेकोरपणे सांगितलेलं कुणी केलं नसेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

डॉक्टरांनी काकांची बोटं सरळ करायचा प्रयत्न केला. बोटं सुजली होती आणि आधीपेक्षा ताठ होती. काकांनी दात आवळले. डॉक्टर हळू आवाजात काहीतरी म्हणाले. म्हणजेताईंनी लगेच सांगितलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

"काय म्हणाले?" काकूंनी विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, आपण पठारावर आलोय. म्हणजे, चढ संपला, पुढे सपाटी. हात आहे तिथेच थांबला आहे, कदाचित जरा मागेही गेलाय." मग त्या थांबल्या. "काकू, घरी दिवसभर हात कसा असतो?"

"दाबाखाली," काकू म्हणाल्या.

"कशाखाली?"

काकूंनी सगळं सांगितलं. टॉवेल, फळी, हजेरीपुस्तकं. सांगता सांगता त्यांच्या आवाजातली ऐट हळूहळू गळत गेली, कारण म्हणजेताईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडत चालला होता. "तुम्हीच म्हणालात ना," काकू चाचरत म्हणाल्या, "शिवण उसवली आहे, बांधायची आहे. मग बांधलेलं पुस्तक दाबाखाली नको ठेवायला? ओलं पुस्तक कुणी उघडतं का?"

म्हणजेताई खुर्चीमागून पुढे आल्या. डॉक्टरांशी इंग्रजीत बोलल्या, सावकाश, मान खाली घालून. काकूंना शब्द कळले नाहीत, पण मान कळली. बोलून झाल्यावर त्या काकूंकडे वळल्या. "मी डॉक्टरांना सांगितलं की चूक माझी आहे. मी तुम्हाला पुस्तक दिलं. पुस्तकाबरोबर तुमचं अख्खं दुकान येईल, हे माझ्या लक्षात आलं नाही. मला शिवणीपुरतंच बोलायचं होतं. तुम्ही मात्र पुढचं सगळं ऐकलंत, आणि ते ऐकणारच."

डॉक्टर काहीतरी बोलले.

"डॉक्टर म्हणतात," म्हणजेताईंनी नियमाप्रमाणे तेही सांगितलं, "मान त्यांनीही हलवली होती."

फळी काकूंच्या हातांनी ठेवलेली. टॉवेल त्यांनीच घडी करून घातलेला. उघडी खिडकी, आणि तिच्यातले इतके दिवस आपण हजेरीपुस्तकांखाली दाबून टाकले. "गेला का हो हात?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"नाही," म्हणजेताईंनी डॉक्टरांना विचारून सांगितलं. "गेलेला नाही. सूज उतरेल. पण आता रोज हलवायला हवा. थोडा थोडा, दुखेपर्यंत नाही, पण रोज." काकूंना दिसलं की त्या नवं चित्र शोधताहेत आणि शोधायला घाबरताहेत. अखेर त्यांनी शोधणं सोडलं आणि काकांसमोर गुडघ्यांवर बसल्या. "काका, यावेळी मी नाही सांगत. तुम्हीच सांगा. तुमच्या कामात असं काय आहे, की जे ताठ असतं, जबरदस्ती केली तर मोडतं, आणि तसंच ठेवलं तर ताठच राहतं?"

काकांनी बराच वेळ घेतला. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, ही त्यांची मोठी गोष्ट.

"नवं पुस्तक," काका म्हणाले.

"नवं कसं?"

"नवं बांधलेलं... जाड. गिऱ्हाईक घेतं आणि मधोमध उघडतं. खाड." त्यांनी डावा हात हवेत मोडला. "पाठ गेली."

"मग कसं उघडायचं?"

"पाठ टेबलावर टेकवायची. पुढची चार पानं... दाबून खाली. मग मागची चार. मग पुन्हा पुढची." बोलताना त्यांची जीभ सुटत चालली होती. "असं करत मध्यावर यायचं. घाई नाही. पण... सोडायचंही नाही. कपाटात तसंच ठेवलं तर कधीच उघडत नाही. माहिती आहेत का गं, त्या वकिलाचे खंड?"

"माहिती आहेत," काकू म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले. "कधीच उघडले नाहीत मेल्याने. अजून करकरतात."

"आणि यात काय करायचं नसतं?" म्हणजेताईंनी विचारलं. यावेळी त्या घाईत नव्हत्या. "म्हणजे, घरी जाऊन तुम्ही माझ्या नकळत काय काय कराल?"

"बोटाने पाठीवर... जोर नाही द्यायचा. आणि थुंकी लावून पान नाही उलटायचं."

"थुंकीचं चालेल," म्हणजेताई म्हणाल्या. "बाकी सगळं डॉक्टरांना विचारते." आणि त्यांनी एकेक गोष्ट विचारली. बाहेरच्या बाकावर त्या दिवशी लोक कंटाळून गेले.

घरी टेबल तिथेच राहिलं. फळी मात्र दुकानात गेली. व्यायामाचा कागद काकूंनी घडीतून काढून भिंतीवर डकवला, पण त्यातल्या चित्रांना त्या दोघांनी पानंच म्हटलं. अंगठा म्हणजे पुढची चार पानं, करंगळी म्हणजे मागची चार. सकाळी काकू विचारायच्या, "उघडायचं का हो?" आणि काका टेबलावर मनगट टेकवायचे. काही दिवस नुसतं दुखलं. एका दुपारी करंगळी आपली आपण हलली. काकूंनी आरडाओरडा केला नाही. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी त्या जागच्या हलल्या नाहीत, एवढंच.

डॉक्टरांनीही ते चित्र उचललं. पुढच्या खेपेपासून काका आत शिरले की ते म्हणजेताईंची वाट न पाहता मराठीतला तेवढा एकच शब्द म्हणायचे, "पानं?" उच्चार भलताच, पण अर्थ चोख. किती पानं उघडली, ते काका डाव्या हाताच्या बोटांवर दाखवायचे. मग ते उजव्या हाताच्या बोटांवर दाखवायला लागले.

हात पूर्ण आला नाही. कापायची सुरी काकांच्या मुठीत बसत नाही, म्हणून आता कडा काकू कापतात, आणि काका शेजारी उभे राहून तिरकी गेली, तिरकी गेली, असं म्हणत राहतात. पण घडी दाबायची हाडाची पट्टी त्यांना धरता येते. ब्रशही. दुकान उघडं आहे. नवं पुस्तक न्यायला आलेल्या प्रत्येकाला काका ते कसं उघडायचं ते स्वतः करून दाखवतात, उजव्या हाताने, आणि गिऱ्हाइकाला उशीर होत असला तरी सोडत नाहीत.

काकू अधूनमधून हॉस्पिटलात जातात, काकांच्या तपासणीला. बाकावर बसून त्या कान देतात. म्हणजेताई अजूनही प्रत्येकाला विचारतात, काम काय करता. पण त्यापाठोपाठ आता नेहमी दुसरा प्रश्न येतो, "आणि त्यात काय करायचं नसतं?" लोक आधी चक्रावतात. मग न्हावी सांगतो, विणकर सांगतो, विहिरी खणणारा सांगतो. त्या ऐकून घेतात आणि मगच चित्र देतात. कधी कधी ऐकून झाल्यावर देतच नाहीत, साध्या शब्दांत सांगतात. काकूंना हे फार थोर वाटतं. पडल्यावर चालणं सोडणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली आहेत, आणि पडलेली जागा झाकून पुढे जाणारीही. ही बाई त्या जागेवर रोज पाय रोवून उभी राहते.

उभी राहते यावरून आठवलं. मागच्या खेपेला काकूंनी न राहवून डॉक्टरांना, म्हणजे म्हणजेताईंच्याच तोंडून, सुनावलं होतं की या बाईंना एक खुर्ची द्या. म्हणजेताईंना स्वतःबद्दलचं ते वाक्य नियमाप्रमाणे इंग्रजीत सांगावं लागलं आणि सांगताना त्या लाल झाल्या. मग काकूंना म्हणाल्या, "मी बसले की दोघंही माझ्याकडे बघून बोलायला लागतात, काकू. मागे उभी राहिले की पेशंट डॉक्टरांकडे बघतो."

डॉक्टरांनी तरीही खुर्ची मागवली. आता खोलीत तीन खुर्च्या आहेत. तिसरीवर म्हणजेताईंची पिशवी असते.